रस्त्याकडची खोली

२ जून
खोली झाली! वर स्लॅब, मागं मोरी-संडास. घोडेगावच्या बाजारात दोन म्हशी विकल्या, त्यात माझी भिशी घातली. कल्याण अजून धुमसतोय. नवरा असला म्हणून काय, म्हशी माझ्या माहेरच्या होत्या. तिसगावात भाड्यानं राहायला येणार कोण, म्हणतो. येतील. बदलीवर आलेले मास्तर, बँकेतले लोक — अंगणवाडीच्या दारातून मला रोज दिसतात.

९ जून
फाटकाला पाटी लावली. मी अंगणवाडीत असताना कुणी आलं, तर सासूबाई दाखवतील. किल्ली त्यांनी आपणहून मागितली. झाडूनपुसून ठेवते, म्हणाल्या.

१४ जून
दवाखान्यातल्या नर्सबाई बघून गेल्या. कळवते म्हणाल्या म्हणे. फोन नाही.

१९ जून
बँकेतला एक जण. तोही कळवतो म्हणाला! काय कमी आहे खोलीत? खिडकी उघडून पाहिली, नळ सोडून पाहिला. फरशी तर लख्ख.

२० जून
भाकरी करपल्या. दोन.

२७ जून
भाडं कमी केलं. स्टँडवरही पाटी लावली. शाळेतले एक सर येऊन गेले — तेच. कल्याण जेवताना म्हणाला, "म्हशी दूध तरी देत होत्या." मी ताट सरकवून उठले.

४ जुलै
बाजारात ते सर भेटले. वाल्मिक नाव, कर्जतहून बदलून आलेत. न राहवून विचारलंच, खोली पसंत नाही पडली का? ते गोंधळले. "तुमच्या आजी म्हणाल्या, खोली दिलीय."
तशीच दवाखान्यात गेले. नर्सबाईंनाही हेच सांगितलेलं.
घरी आले ती तणतणतच. भर दुपारी खोलीला आतून कडी. हाका मारल्या. बऱ्याच वेळानं दार उघडलं. सासूबाई झोपेतून उठलेल्या, केस मोकळे. तेरा वर्षांत त्यांना मोकळ्या केसांनी पाहिलं नव्हतं.
"आत्या, असं का केलं?"
त्या चौकट धरून उभ्या. "तीस वर्सं ऊस तोडाय गेले, सविता. तितल्या पाचटाच्या कोपीला दार नसतं. हितं सात मानसांत ओसरीवर निजते. कडी लावून झोपल्यावर कसं वाटतं, तेवढं बघत हुते."
मग किल्ली माझ्या हातात ठेवली. "दे आता कुनालाबी."
अंगणात नुसत्या येरझारा घातल्या.

५ जुलै
सकाळीच कल्याणला सांगितलं, भाडेकरू मिळाला. कोण, म्हणाला.
तोवर त्याची आई कपड्यांची पेटी घेऊन ओसरी उतरत होती.