हमीपत्र

प्रिय इद्रिस,

शेतकी शिकायला तू बदनापूरला आलास आणि तीन वर्षं आमच्या माडीवर राहिलास. मला काकू म्हणायला लागलास. परत जाताना म्हणालास, "काकू, आमच्या देशात पहिल्यांदाच मतदान होऊन राह्यलंय, मंग मी इथं कसा थांबू?"

तिथं तू संसदेवर निवडून आलास. वर्षभरातच तुमच्या खाणींसाठी परक्या देशाचं सैन्य आलं. त्यानं सरकार पाडून एका जनरलला खुर्चीवर बसवलं. तुझ्याबरोबरचे सदस्य तुरुंगात गेले. तू लपून फोन केलास, "काकू, हमीपत्र पाठवा, म्हणजे भारताचा व्हिसा मिळेल."

मी तुला सांगितलं, कलेक्टर ऑफिसात चकरा मारल्या, पण साहेबांनी हमीपत्राचा अर्ज नाकारला. इद्रिस, मी ऑफिसला गेलेच नव्हते. स्वानंद म्हणाला, "आई, माझी सरकारी नोकरी आहे. उगाच चौकशी मागं लागेल." मुलाचं ऐकून मी हमीपत्रावर सही केली नाही.

तू म्हणालास, "जाऊ द्या काकू. माझ्यासाठी एवढ्या उन्हात चकरा मारल्या, बिलकुल विसरणार न्हाई."

त्याला चौदा महिने झाले. खरं सांगायचं म्हणून मी रोज तुझा नंबर लावते. तो लागत नाही, आणि मला बरं वाटतं.

तुझी काकू म्हणवून घेणारी,
उमा
बदनापूर, जि. जालना