पारूची टाच

नेकनूर,
ता. ८ मार्च १९८७

चि. सत्यभामेस,
अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझं पत्र पोचून पंधरवडा झाला. उत्तराला उशीर झाला त्याला कारण तुझ्या लेकीची टाच. आणखीही एक कारण आहे, ते लिहिता लिहिता येईल.

आधी गावचं सांगतो. खालच्या विहिरी आटल्या. टँकर येतो, पण कधी येईल ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं. जनावरं छावणीवर गेली, त्यामुळे आपल्या दूध संस्थेत दूध नावालाच आहे. कॅन गाडीत चढवताना आवाजावरून मला कळतं किती भरलाय. सध्या सगळेच पोकळ वाजतात. काल आसाराम सगळ्यांदेखत म्हणाला, "चेअरमनसाहेब, आता पाण्याची सोसायटी काढा. त्यात थोडं थोडं दूध मिसळू." हसलो. हसायला अजून रेशनकार्ड लागत नाही.

आता पारूचं. तिची टाच दुखते हे मला तिच्या तोंडून कळलं नाही, कानानं कळलं. अंगणातून येताना ती कशी धपधप टाचा वाजवत येते तुला माहीत आहे. संक्रांतीनंतर एक टाच वाजेनाशी झाली. एक पाय धप, दुसरा गुपचूप. विचारलं तर म्हणे, "काय न्हाई आबा." तुझ्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या केसरनं, टाच दाबून पाहिली आणि निकाल दिला, कुरूप झालंय. लगेच बिब्बा तापवला. फोड मात्र आला, दुखणं होतं तिथंच राहिलं. त्यानंतर पोरगी लंगडणं लपवायला शिकली. शेजारच्या भिवराबाई येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पोरीच्या पायावरनं वारं गेलं जणू." त्या दिवसापासून आमच्या घरात भाकरी गोड लागेना.

त्याच सुमारास तुझं पत्र आलं की क्वार्टर मिळालं, पारूला अंबाजोगाईला नेते. त्यावर मी कंडक्टरबरोबर निरोप धाडला, टाच दुखतेय, एवढ्यात हलवता येत नाही. निरोप खोटा नव्हता. खरा किती होता ते आता ऐक.

तिला घेऊन आम्ही दोघं बीडला हाडाच्या डॉक्टरकडे गेलो. तरुण माणूस, पण शांत. त्यानं टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबली, तशी पारू कळवळली. "खेळते काय?" विचारलं. मी म्हणालो, "खो-खो. आणि टँकर आला की घागर घेऊन सगळ्यांच्या पुढं पळते, अनवाणी." मग त्यानं कागदावर पाय काढून दाखवला. या वयात टाचेचं हाड वाढत असतं, अजून पक्कं जुळलेलं नसतं. पोटरीची शीर त्याला मागून ताणते. पळापळ जास्त झाली की तिथं दुखतं. वाढत्या पोरांची टाच दुखायचं हेच सगळ्यात नेहमीचं कारण, असं म्हणाला. हाड भरलं की आपोआप जातं, मागं काही ठेवत नाही. तोवर पळणं कमी, मऊ चप्पल, टाचेखाली गादी, पोटरीचा थोडा व्यायाम, दुखलं तर बर्फ. आणि बिब्बा पुन्हा नको. हे म्हणताना त्यानं केसरकडं पाहिलं. तिनं भिंतीकडं पाहिलं.

मी विचारलं, "साहेब, मग प्रवास बंद ठेवावा लागंल?"

"प्रवासाला काय झालंय? खुशाल जाऊ दे."

"अंबाजोगाईपर्यंत? रस्ता लई खराब हाय. हादरे बसतात."

"आजोबा, ती काय टाचेवर बसून जाणार आहे?"

पारू खिदळली. केसर हसली नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "तुमी डाक्टरच्या तोंडनं न्हाई म्हणवून घ्याया गेलता का?"

मी रसवंतीची पाटी वाचत उभा राहिलो.

डॉक्टर आपली समजूत घालतोय, असंही वाटत होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी संस्थेवर पोरं आली तेव्हा सहज विचारलं, "टाच कुणाकुणाची दुखते बे?" पोरं एकमेकांच्या पायांकडं बघायला लागली. मग शहादेवच्या पोरीनं हात वर केला. तिच्या मागनं तिचा भाऊ. मग आणखी कुणी, आणखी कुणी. म्हटलं, "घरी सांगितलं कावून न्हाई?" तर शहादेवची पोरगी म्हणते, "सांगितलं की बिब्बा घालत्यात."

म्हणजे गावची पोरं टाचा लपवून हिंडत होती आणि कानाचा एवढा तिखट मी, मला एकच ऐकू आली.

आता दूध शीतकरण केंद्राच्या गाडीवरचा सिदू रोज बर्फाचा खडा आणतो. पोरं संस्थेच्या ओट्यावर टाचा पुढं करून बसतात. अर्धा बर्फ टाचेला, अर्धा तोंडात. या उन्हाळ्यात बर्फ चोखायला मिळतोय म्हटल्यावर ज्यांचं काही दुखत नाही तेही लंगडत येतात.

पारूला आता बराच आराम आहे. परवा बर्फ लावताना म्हणाली, "आबा, मी आईकडं गेल्यावर खो-खो सुरू करीन." "गेल्यावर" म्हणाली बघ. रोज संध्याकाळी तिच्या ट्रंकेची कडी वाजते. उघडते, आत काहीतरी सारखं करते, लावते. मी ओसरीवर असतो. ऐकतो.

सत्यभामा, आता राहिलेलं लिहितो.

बन्सी वारला तेव्हा लोक मला म्हणाले, सुनेला माहेरी पोचती करा. मी तुला नर्सिंगला घातलं. तेव्हा लोकांना भ्यालो नाही. मात्र तू या खेपेच्या पत्रात बद्रीनाथरावांचं लिहिलंस, तेव्हा भ्यालो. दवाखान्यात औषधं देतात, एकटे आहेत, पारूचं मन पाहूनच पुढं जायचं म्हणतात. शेवटी तू लिहिलंस, "मामा, तुमचा शब्द आल्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही." ते वाचलं, पत्र घडी घालून ठेवलं आणि पोरीची टाच धरून बसलो. वाटलं, ही गेली की बन्सीचं म्हणून या घरात काय राहील? एवढी एक ओळ लिहायला मला दुष्काळ, दूध, डॉक्टर सगळं आधी लिहावं लागलं.

भावकीतल्यांच्या कानावर घातलं. ते म्हणतात, करायचंच असेल तर रीतीप्रमाणं पाट लावा. रात्री, चार माणसांत, वाजंत्री नाही, सवाष्णींनी तोंड पाहायचं नाही. मी सांगितलं, माझ्या घरातली पोर अंधारात जाणार नाही. लग्न होईल, दिवसा होईल, संस्थेच्या दारात मांडव घालून होईल. पाणी नाही तर जेवण पिठलं-भाकरीचं. ज्याला यायचं तो येईल, ज्याला तोंड पाहायचं नाही त्यानं डोळे मिटून जेवावं.

केसर दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जुन्या गोधडीचा तुकडा घेऊन पारूच्या चपलेत टाचेची गादी शिवत बसली. शिवता शिवता म्हणाली, "तिला लिवा, लग्नाचं पातळ मी घेणार." आणि मग पदर डोळ्याला लावला. मुलगा तिचाही होता.

तेव्हा माझा शब्द आला असं समज. पाऊल उचल.

परीक्षा झाली की पारूला मी स्वतः घेऊन येतो. तू स्टँडवर ये. तुला पाहिलं की ती पळत सुटेल. डॉक्टरनं पळू देऊ नका म्हणून बजावलंय, पण तेवढं एकदा मी तिला अडवणार नाही.

पत्रिका बीडला छापून घेतो. तुझे वडील नाहीत, भाऊ नाही, तेव्हा मुलीकडून नाव कुणाचं टाकायचं म्हणून काळजीत असशील. ते मी छापखान्यात सांगून आलोय.

तुझा बाप,
आश्रुबा