मनीषा वाचते का?

९ सप्टें.
टॅबवर आजही तिसरीची मनीषाच पहिली. टॅब धडा वाचून दाखवतो, पोरं मागून म्हणतात, शेरा टॅबच देतो. तिच्या नावापुढे हिरवा, 'अस्खलित वाचन'. जूनमध्ये पोरगी मराठीत तोंड उघडत नव्हती, घरी वारली बोली. आता 'घनदाट', 'आश्चर्य' सहज बोलते. टॅब ऐकूनच शिकली, नाकारून चालणार नाही.

१२ सप्टें.
मनीषाची आई जव्हारहून औषध घेऊन थेट शाळेत. पाठीला बांधलेलं, तापानं फणफणलेलं बाळ. डॉक्टरांची चिठ्ठी लेकीपुढे धरली.
"वाच. किती पाजायचा?"
"दोन चमचे." खणखणीत, न अडखळता. आईचा चेहरा फुलला. मी सहज डोकावले. 'अर्धा चमचा.'
आईला थांबवून सांगितलं, अर्धाच.

१३ सप्टें.
टॅबवरचाच धडा फळ्यावर लिहिला. मनीषा घडाघडा म्हणाली. वाक्यं पुढेमागे केली, अडली. नुसतं 'चमचा' लिहिलं.
"बाई, याला आवाज नाय."

१५ सप्टें.
मुख्याध्यापकांना सांगितलं, शेरा चुकीचा आहे.
"शेरा टॅब देतो, मॅडम. शुक्रवारी टॅब देणारे पाहुणे येतायत, तिचंच वाचन ठेवलंय."
"तिला वाचता येत नाही, सर."
"हळू बोला. टॅब परत नेले तर?"
तेही खरंच. टॅब गेले तर पोरांच्या कानावर मराठी पडणार कुठून? माझ्या एकटीच्या तोंडून? बोलले तरी पंचाईत, गप्प बसले तरी...

१७ सप्टें.
मधल्या सुट्टीत तिला घेऊन बसले. च, म, चा. रडायला लागली. "मी तं पहिली हाय ना, बाई?"
दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर जाणार, तीही. तोवर काय होणार.

१९ सप्टें.
पाहुणे आले. मनीषानं टॅबवर धडा म्हटला, टाळ्या. मग पाहुण्यांतल्या एका बाईंनी पिशवीतून गोष्टीचं पुस्तक काढलं. "हे वाच बाळा."
सर खाली बघत. मनीषा माझ्याकडे. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच ठाऊक नाही.
तिनं अक्षराखाली बोट धरलं. बोट पुढे सरकेना.
"लाजतेय," बाई म्हणाल्या.
"हो, लाजाळूच आहे," सर.
"लाजत नाय मी," मनीषा म्हणाली. "माना वाचता नाय येत."
हे मी म्हणायला हवं होतं.

२२ सप्टें.
पाहुण्यांकडून निरोप नाही. टॅब कपाटात बंद, किल्ली सरांकडे.
मनीषा आली नाही. वाटेत तिचा बाप भेटला. बाळ बरं आहे. "पोरगी म्हणं, आता शालंत नाय जायची. तूच येऊन सांग तिला, बाई."
उद्या शाळा सुटली की जाईन. काय सांगायचं ते अजून...