शिखरावरची वही

ती. ताईस, गारठलेल्या हातांचा नमस्कार.

मी बरा आहे. पायाची दोन बोटं काळी पडलीत, पण चालता येतं. बाबा जेवतात का?

धाकट्याला शोधत काल वाटाड्याबरोबर थेट शिखर गाठलं. मांडीभर बर्फ होता. तिथे पत्र्याच्या डब्यात एक वही असते, पोचलेला प्रत्येकजण तिच्यात नाव लिहितो. महिनाभराची पानं तीनदा चाळली. त्याचं नाव नाही. हिवाळ्यात जाऊ नकोस म्हटलं होतं, पण ऐकेल तर शपथ. आता बर्फ वितळल्यावरच सापडेल, असं वाटाड्या म्हणतो.

बाबांना सांग, तो वर पोचला होता, वहीत नाव आहे. गोठलेलं पेन काखेत धरून गरम केलं आणि त्याच्या तिरक्या अक्षरात मीच लिहिलं. माझं लिहायचं राहून गेलं.

तुझा भाऊ