दोन रेषांमधलं पाणी

६ फेब्रुवारी

प्रिय ठकीस,
अनेक आशीर्वाद.

फोन न करता लिहिते आहे, कारण मी मोबाइल घेऊन बाहेर गेले की आई दारात येऊन उभ्या राहतात. त्यांना कमी ऐकू येतं ते फक्त औषधाचं नाव काढल्यावर.

तुझ्या दादाचं जहाज पकडलंय. पलीकडच्या देशाच्या गस्तीच्या बोटी आल्या आणि सगळ्यांना उतरवून घेऊन गेल्या. काल जहाज कंपनीचा माणूस हे सांगायला चष्म्याच्या दुकानातच आला. मी एका वृद्ध गृहस्थांच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होते. तो बोलत होता आणि मी फ्रेम दाबतच राहिले. शेवटी त्या गृहस्थांनी माझा हात धरून बाजूला केला.

आईंना सांगितलंय की जहाज दुरुस्तीला लागलंय आणि तिथून फोन लागत नाही. त्यांनी मान डोलावली, पण विश्वास बसला की नाही कोण जाणे.

जहाजावरच्या इतरांच्या घरची माणसं मंत्रालयाच्या दारात जाऊन बसणार आहेत, मलाही बोलावलंय. टीव्हीवाले येतील म्हणतात. मी जाऊ का? जहाज पकडलं त्या सामुद्रधुनीच्या अभ्यासात तू उमेदीची सगळी वर्षं घातलीस. पोहता न येणारी ही बाई खुर्चीत बसून समुद्राच्या वाटण्या करते, असं तुझा दादा तुला चिडवायचा. आता त्या वाटण्यांमधलं तुला जे कळतं ते मला सांग. मी ऐकेन.

वाट पाहते. माया आहे तशीच ठेव.
तुझी वहिनी

११ फेब्रुवारी

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आता जमेल तेवढं नीट लिहिते.

त्या समुद्रात दोन देशांनी आपापली रेषा आखली आहे आणि दोघांच्या रेषा जुळत नाहीत. मधल्या पट्ट्यातलं पाणी दोघेही आपलंच म्हणतात. कंपनीने आमच्या अभ्याससंस्थेला कळवलंय की इंजिन बंद पडलं आणि जहाज वाहत त्या पट्ट्यात गेलं. इंजिन दादाच्या हाती असलं तरी यात त्याची काही चूक नाही.

अशी प्रकरणं मी वर्षानुवर्षं अभ्यासत आले आहे. गाजावाजा झाला की दोन्ही सरकारांना माघार घेणं अवघड होतं आणि माणसं अडकून पडतात. कंपनीने गुपचूप दिलगिरी लिहून दिली, वर्तमानपत्रं गप्प राहिली, की माणसं सुटतात. म्हणून तू मंत्रालयात जाऊ नकोस, कॅमेऱ्यासमोर एक शब्द बोलू नकोस. आमचे संचालकही हेच म्हणाले, आणि त्यांनी परराष्ट्र खात्यात उभं आयुष्य काढलंय.

कठीण आहे, मला कळतं. पण याबाबतीत माझ्यावर भरवसा ठेव. आईंच्या गुडघ्याला तेल लावतेस ना? मी नाही तिथे, म्हणून विचारायचाही हक्क नाही मला.

जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझी ठकी

२ मे

प्रिय ठकीस,
आशीर्वाद.

माणसं सुटली. टीव्हीवर तूही पाहिलं असशील. जे मंत्रालयाच्या दारात उन्हात बसले, ओरडले, ज्यांना पोलिसांनी दोनदा उठवलं, त्यांची माणसं घरी आली. सगळी आली, ठकी. तुझा दादा तेवढा आला नाही.

मी तुझं ऐकलं. त्या बायकांनी माझ्याशी बोलणं टाकलं, तरी मी तोंड उघडलं नाही. दुकानात आलेल्या पत्रकाराला मी चष्म्याच्या किमती सांगत बसले. नवऱ्याची फिकीर नाही हिला, असं एकजण माझ्या तोंडावर म्हणाली.

काल जहाजावरचा स्वयंपाकी भेटायला आला. माणूस पार वाळलाय. तो सांगत होता, पहिल्या आठवड्यापासून दादाला चौकशीसाठी वेगळं काढत. रोज एका खोलीत नेत, संध्याकाळी परत आणत. काय विचारतात ते दादा सांगत नसे. फक्त एकदा म्हणाला की घरच्यांबद्दल विचारतात. जहाजाचं इंजिन सांभाळणाऱ्या माणसाच्या घराशी त्यांना काय देणंघेणं?

आईंनाही कळलं. बातम्यांत सुटलेल्या माणसांचे चेहरे दाखवत होते, त्या पडद्याजवळ जाऊन एकेक चेहरा बघत राहिल्या. शेवटी माझ्याकडे वळून बघितलं आणि आत गेल्या. तेव्हापासून जेवणात लक्ष नाही.

तुझ्या अभ्यासाला मी नावं ठेवत नाही. पण आता तरी काहीतरी कर. मला तुझ्याशिवाय दुसरं दार नाही.

वहिनी

१९ मे

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला हात धजत नव्हता. तरी लिहिते, कारण तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

गेल्या आठवड्यात तिसऱ्याच देशात एक परिषद होती. तिथे पलीकडचे प्राध्यापक भेटले. आमच्या देशांचं पटत नाही, पण आम्ही दोघांनी मिळून दोन लेख लिहिले आहेत. जेवणाच्या सुट्टीत त्यांना सभागृहाच्या मागच्या जिन्यात गाठलं आणि दादाबद्दल विचारलं. त्यांनी जिन्यात कुणी येत नाही ना ते पाहिलं. मग म्हणाले, "त्याला तुमच्यामुळे ठेवलंय."

चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर सामुद्रधुनीवरचं माझं पुस्तक आहे. त्याच्या पहिल्याच पानावर मी लिहिलं होतं की ज्याने मला समुद्र वाचायला शिकवलं, त्या दादाला. त्यांनी त्याचा अर्थ असा लावला की दादा जहाजावरून त्यांच्या बंदरांची, गस्तीची माहिती काढतो आणि मी ती आमच्या सरकारला पुरवते. दादाने मला काय शिकवलं तर भरती-ओहोटी, आणि वारा फिरला की पाण्याचा रंग कसा पालटतो ते. पुस्तकातला एकूणएक आकडा छापील नकाशांतून आणि त्यांच्याच सरकारच्या अहवालांतून घेतलेला आहे.

तू मंत्रालयाच्या दारात बसली असतीस तरी तो सुटला नसता. हे मी माझी बाजू सावरायला लिहीत नाही. माझा सल्ला चुकलाच. फक्त तू तुझ्या गप्प राहण्याला दोष देऊ नकोस.

मी तिकडे जायचं म्हणते. माझे सगळे कागद घेऊन त्या अधिकाऱ्यासमोर बसेन आणि कुठला आकडा कुठून घेतला ते दाखवेन. प्राध्यापक म्हणतात, याने दादा सुटू शकेल, पण माझी हमी ते देऊ शकत नाहीत. संचालक म्हणाले की गेलीस तर संस्था तुला ओळखणार नाही आणि सरकारही तुझ्यामागे उभं राहणार नाही.

तू काय म्हणतेस? तुला विचारल्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही.

ठकी

२४ मे

प्रिय ठकीस,

नको म्हणून दोनदा लिहिलं आणि दोन्हीदा कागद फाडला.

मी या घरात आले तेव्हा तू शाळेत होतीस. तुझ्या वेण्या मी घातल्यात. तू जा, असं माझ्या लेखणीतून उतरणार नाही. पण जाऊ नकोस असं लिहायला घेतलं की मला ती खोली दिसते, जिथे त्याला रोज नेतात. आईंना विचारणार होते, पण कुठल्या आईला विचारायचं की दोघांतलं कोण हवं?

मला हा प्रश्न विचारायला नको होतास गं.

वहिनी

८ जून

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तू काहीच सांगितलं नाहीस, हे लक्षात असू दे. ठरवलं ते मी.

राजीनामा दिला. टेबल आवरताना कुणी जवळ आलं नाही. फक्त ग्रंथपाल बाई येऊन पेट्या उचलू लागल्या. नकाशे, अहवाल, टिपणं सगळं बरोबर घेते आहे. प्राध्यापक विमानतळावर येतील.

घाबरले आहे. इतकी वर्षं ताणतणाव, दबाव, प्रत्युत्तर हे शब्द मी सहज लिहीत आले. आता स्वतःच्या भीतीला कुठला शब्द लावावा ते सुचत नाही.

आईंना सांग, परिषदेला गेले आहे. पटणार नाही, पण सांग.

तुमची,
ठकी

३० जुलै

प्रिय ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा दादा घरी आला. आज दहा दिवस झाले. वाळलाय, पण हातीपायी धड आहे. दार उघडायच्या आधी थांबतो आणि माझ्याकडे बघतो, परवानगी मागितल्यासारखा. आई त्याच्या पाठीवरचा हात काढत नाहीत.

तू आपणहून तिकडे गेलीस हे त्याला इथल्या विमानतळावर मी सांगितलं तेव्हा कळलं. त्याआधी, त्याला तिथल्या कोठडीतून बाहेर आणत असताना तू समोरच्या बाकावर कागदांच्या पेट्या घेऊन बसली होतीस, हे त्याने पाहिलं होतं. तुलाही पकडलं होतं आणि त्याच्यासारखंच सोडायला आणलंय, असं त्याला वाटलं. तू त्याच्याकडे बघून हसलीस म्हणे. घरी आल्यावर त्याने मला एकच विचारलं, "तिने तुला विचारलं होतं ना? तू काय सांगितलंस?" तेव्हापासून आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोलतो.

चौकशी चालू आहे, असा प्राध्यापकांचा दोन ओळींचा निरोप आला. त्यानंतर तेही गप्प. दादा आणि मी आता रोज मंत्रालयाच्या दारात बसतो. सुटून आलेल्यांतले दोघे-तिघे येतात, तो स्वयंपाकीही येतो. टीव्हीवाले एकदाच येऊन गेले. तू आपल्या मर्जीने गेलीस, असं अधिकारी सांगतात. पलीकडच्या देशाच्या वकिलातीतल्या कारकुनाने सांगितलं की पत्र तुझ्यापर्यंत पोचेल, पण आधी दुसरं कुणीतरी उघडेल. म्हणून यापुढचं त्यांच्यासाठी लिहिते.

साहेब, तुम्ही आमच्या ठकीने लिहिलेलं पान वाचलंत आणि आमचा माणूस ठेवून घेतलात. आता माझं पत्र वाचताय. यात लपवलेलं काही नाही, हवं तर उजेडाशी धरून बघा. ती सरकारची माणूस नाही, सरकार तिला ओळखतही नाही, हे तर तुम्हालाही कळलं असेल. एक गोष्ट तिच्या कुठल्याच कागदात सापडणार नाही, म्हणून मी सांगते. भूक लागली की ती सांगत नाही, नुसती चिडते. लहानपणापासूनची सवय आहे. प्रश्नांना उलट उत्तरं द्यायला लागली तर त्याचा वेगळा अर्थ लावू नका. तिला आधी जेवायला द्या, मग विचारा. ती सगळं खरं सांगेल.

आणि वाचून झालं की हे पत्र तिच्या हातात द्या.

ठकी, लोभाचं काय लिहू? तो आहेच. तू ये.
तुझी वहिनी