अकरा नंबरचे पाहुणे

ता. ४, सोमवार. सकाळी.

नवी वही काढली. जुनीत दूध-किराण्याचा हिशोब चालू राहील. ही फक्त यांच्या गुडघ्यासाठी.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आहे. रोज अर्धा तास कोमट पाण्यात चालायचं, तीन महिने. गुडघा वाकू लागला तर ऑपरेशन टळेल, नाही तर कापावं लागेल. हे ऑपरेशनला घाबरतात. बोलून दाखवत नाहीत, पण तो शब्द निघाला की चष्मा पुसत बसतात.

कोमट पाण्याचा पूल जवळपास एकच, आमच्या गल्लीच्या टोकाच्या रिसॉर्टमध्ये. पण तो तिथे उतरलेल्या पाहुण्यांसाठी. हे म्हणाले, चिठ्ठी घेऊन मॅनेजरला सरळ विचारू या. मी म्हटलं, विचारलं की माणूस नाही म्हणतो. विचारलंच नाही तर तो काय म्हणणार.

लाँड्रीकडचं मागचं फाटक दिवसभर सताड उघडं असतं. देवाच्या मनात नसतं तर त्याला कुलूप असतं.

संकल्प: फक्त पूल. बाकी कशाला हात लावायचा नाही.

ता. ५, मंगळवार.

गेलो. कोणी हटकलं नाही. हे पाण्यात चालले, मी काठावर बसून जप केला. जप करणाऱ्या बाईला कोणी हटकत नाही, हे आपलं सहज लक्षात आलं. जप काही त्यासाठी नव्हता.

घरी येईपर्यंत हे सारखे मागे वळून पाहत होते. समाधानाने असावं.

ता. ९, शनिवार.

आज तिथला गरम शॉवर घेतला. पुलाच्या पाण्यात औषध असतं, ते अंगावरून काढायला नको का? म्हणजे शॉवर हा पुलातच मोडतो. साबण मी घरचा नेते. फुकटचं मला चालत नाही. टॉवेल त्यांचे घेतले, पण वापरून नीट घडी घालून ठेवले. त्यांचे पाहुणे बोळा करून फेकतात.

नंतर वाचनाच्या खोलीत अर्धा तास. पाण्यातून निघाल्यावर लगेच चालू नये, म्हणून. यांनी पेपर उलटा धरला होता. विचारलं तर म्हणाले, तोंड झाकायला सुलटाच लागतो असं नाही.

ता. ११, सोमवार.

मॅनेजर समोर येऊन उभा राहिला. तरुण आहे, नम्र आहे, खिशाला दोन पेनं. म्हणाला, "काकू, कुठल्या कॉटेजला उतरलात?"

मी खोटं बोलत नाही. माझा जप चालू होता, अकरावा मणी बोटात होता, तोंडातून "अकरा" एवढंच निघालं. ते त्याने उत्तर म्हणून घेतलं त्याला मी काय करणार. तो जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बरं. अकरा. काही लागलं तर सांगा."

जाताना अकरा नंबर लांबून पाहून घेतलं. झाडांच्या मागे आहे. पडदे ओढलेले, दाराला साखळी. रिकामंच दिसतं. कोणाची जागा अडवली असं नाही.

हे म्हणाले, "अगं, आपण कॉटेज घेतली?" मी म्हटलं, देवाने दिली. चष्मा पुसू लागले.

ता. १६, शनिवार.

गुडघा: घराच्या जिन्याच्या चार पायऱ्या कठडा न धरता चढले. पाचव्या पायरीवर माझ्याकडे वळून पाहिलं, लहान मुलासारखं. तारीख घालून ठेवते.

मात्र पुलावर गर्दी फार झाली. मोठी सुट्टी जवळ आली तशी बाहेरची माणसं शिरू लागली आहेत. एक टोपीवाला तर रोज हजर. पाहुणा नाही हे चालण्यावरूनच कळतं. पाहुणे रमतगमत चालतात. हा काठीवर भराभरा चालतो आणि सारखा मागच्या फाटकाकडे पाहतो. एक कुटुंब घरून डबा घेऊन येतं. आमचा डबा वेगळा, यांना वेळेवर खावं लागतं.

लाँड्रीवालीला म्हटलं, काय हो, कोणीही उठतं आणि तुमच्या फाटकातून येतं, तुम्हाला काही वाटत नाही? ती म्हणाली, "मला काय वाटायचंय काकू, मी रोज बघते की." आणि हसत सुटली. हातातली चादर खाली पडली तरी हसत होती. कामाच्या बाईने इतकं हसू नये.

यांना पाण्यात तीनदा धक्का लागला. लोकांना लाज म्हणून नाही.

ता. १८, सोमवार.

तिथल्या सूचनांच्या वहीत दीड पान लिहिलं. "बाहेरच्या लोकांमुळे पाहुण्यांची होणारी गैरसोय." खाली सही, कॉटेज ११. अक्षर छान आलं. मॅट्रिकला अक्षराचे वेगळे गुण नव्हते, पण आमच्या बाई म्हणायच्या, असते तर तुला पैकीच्या पैकी मिळाले असते.

हे म्हणाले, "तू ही तक्रार नक्की कोणाविरुद्ध केलीस?" मी म्हटलं, टोपीवाल्याविरुद्ध. हे म्हणाले, "असं का. मला वाटलं, माझ्याविरुद्ध."

ता. १९, मंगळवार.

मॅनेजरने ऑफिसात बोलावलं. जपाची माळ हातात धरूनच गेले. पण त्याने खुर्ची दिली. म्हणाला, "काकू, इतकी मुद्देसूद सूचना इथे कोणी लिहिली नव्हती." शनिवारी त्यांचा सुट्टीचा मेळावा आहे. गाणी, खेळ, दुपारचं जेवण. गेल्या वर्षी ऐंशी पाहुण्यांच्या मेळाव्यात दोनशे माणसं जेवून गेली म्हणे. "तुम्हीच नियम लिहून द्या ना."

जन्मात मला कोणी नियम लिहून द्या म्हटलं नव्हतं. घरी आजवर केले ते सगळे तोंडी.

मग म्हणाला, एक गोष्ट त्याच्या मनात आहे. आजूबाजूची काही वयस्क माणसं, कोणाचा गुडघा, कोणाची कंबर. डॉक्टरांची चिठ्ठी असेल त्यांना रोज सकाळी एक तास पूल मोकळा ठेवावा. "तुम्हाला कसं वाटतं, काकू?" असं विचारून माझ्याकडे पाहत बसला.

मी म्हटलं, चिठ्ठ्या काय, कोणीही आणेल. उद्या तो टोपीवालाही आणेल. एकाला आत घेतलंत की अख्खी गल्ली आत येईल.

तो म्हणाला, "नीट विचार करून सांगा." मी म्हटलं, झाला विचार. त्याने एक पेन खिशात ठेवलं, दुसरं काढलं, तेही ठेवलं.

ता. २०, बुधवार.

नियमावली तयार. बोट ठेवायला जागा नाही.

कलम एक, लाँड्रीकडचं फाटक शनिवारी सकाळी सातपासून कायमचं बंद. कलम दोन, प्रत्येक पाहुण्याच्या मनगटाला निळी पट्टी. पुलावर पट्टीशिवाय प्रवेश नाही. कलम तीन, पट्टी बाहेर जातानाही दाखवायची. वहीत नावापुढे खूण झाली तरच फाटक उघडायचं. हे मला घरच्या अनुभवावरून सुचलं. धुण्याला कपडे देताना मोजतो तसे परत घेतानाही मोजतोच की. कलम चार, डॉक्टरांची चिठ्ठी, वय, गुडघा, कंबर ही कारणं ऐकून घेतली जाणार नाहीत. पुढे आणखी तीन कलमं आहेत, बारीकसारीक.

यांना वाचून दाखवली. कलम चारला हे उठले, कपाटातून आपली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ही आपल्याकडेही आहे."

मी म्हटलं, आपली खरी आहे. आणि आपल्याला तिची गरज काय? आपण पाहुणे आहोत.

यांनी चिठ्ठी उचलून खिशात ठेवली. मग म्हणाले, "किती दिवसांसाठी उतरलोय आपण?"

ता. २२, शुक्रवार.

मॅनेजरने पाहुण्यांच्या नावांची वही माझ्याकडूनच आखून घेतली. अकरा नंबरची ओळ कोरी ठेवली. कोरी ओळ म्हणजे खोटं नव्हे.

निळ्या पट्ट्याही मीच मोजून वॉचमनच्या ताब्यात दिल्या. ऐंशी. दोनदा मोजल्या, एक कमी नाही, एक जास्त नाही. वॉचमन म्हणाला, काकू, तुमच्यासारखी मोजणी इथे कोणाची नाही.

घरी चहा टाकताना आठवलं की त्यातल्या दोन आपल्याला हव्या होत्या. मोजायला बसले की मला दुसरं काही सुचत नाही.

हे म्हणाले, उद्या जायलाच नको. पण डॉक्टरांनी एकही दिवस चुकवू नका म्हटलं आहे. शिवाय नियम कसे चालतात हे पाहायला मी नको का?

संकल्प: सहाला आत, अर्धा तास पाणी, पावणेसातला बाहेर.

ता. २३, शनिवार. सकाळी ७.१०.

पुलाला आठपर्यंत कुलूप. मेळाव्यानिमित्त. मला कोणी कळवलं नाही. कळवायचं म्हणजे कॉटेजच्या दाराला कागद लावला असणार.

उघडेल म्हणून तासभर वाट पाहून परत मागच्या फाटकाशी आलो तर साखळी घातलेली. वॉचमन सात म्हणजे सात पाळतो. चांगला माणूस आहे.

त्याच दिवशी, दुपारी १. वाचनाच्या खोलीतून.

पुलावर पट्टी मागतात. पुढच्या फाटकावर पट्टी मागतात. खेळांच्या मैदानात नवीन पोरगी उभी केली आहे, तीही पट्टी मागते. पट्टीशिवाय मोकळ्या जागा दोनच, वाचनाची खोली आणि जेवणाची रांग. जेवणावर कलम घालायचं राहून गेलं. देवाची कृपा.

जेवलो. मी पदर मनगटापर्यंत ओढून, हे डावा हात खिशात घालून. समोर टोपीवाला येऊन बसला. मनगटाला निळी पट्टी. तीन नंबरमध्ये महिनाभर उतरला आहे. त्याचंही गुडघ्याचंच, ऑपरेशन झालेलं. मुलगी इथेच कुठे नोकरी करते, दुपारच्या सुट्टीत लाँड्रीकडून धावत भेटायला यायची. आज फाटक बंद, म्हणून आली नाही. यांना म्हणाला, "कोणी हा नियम काढला कोण जाणे." यांनी भाताकडे पाहत मान हलवली.

सकाळपासून बाकावर बसून यांचा गुडघा आखडला आहे. हात लावू देत नाहीत.

त्याच दिवशी, घरी आल्यावर.

जमेल तसं लिहिते.

साडेपाचला मेळावा संपला. मॅनेजरने वही घेऊन मला पुढच्या फाटकाशी बोलावलं. म्हणाला, "काकू, पट्ट्या ऐंशी, ताटं उठली ब्याऐंशी. बाहेरचा एकही माणूस आज आत आलेला नाही, तुमच्या नियमांमुळे. मग हे दोघं आतलेच. तुमची नजर आहे, शोधून द्या."

मी मोजायला बसले. खोटं वाटेल, पण पहिल्या वेळी खरोखरच मोजलं. दुसऱ्या वेळी अकराच्या कोऱ्या ओळीशी बोट अडलं. तिसऱ्यांदा मोजलं ते वर मान करायची नव्हती म्हणून. आजवर माझ्या वहीत ताळा जुळला नाही असं झालेलं नाही.

तेवढ्यात हे बाकावरून उठले. एका झटक्यात उठता आलं नाही, कठड्याला धरून दोन दमात उठले. तसेच पाय ओढत आले आणि मॅनेजरला म्हणाले, "ब्याऐंशीतले दोन आम्ही. हिची मोजणी बरोबर आहे."

मॅनेजर म्हणाला, "माहीत आहे, काका. अकरा नंबरला दोन महिने झाले छप्पर नाही. मी पहिल्याच दिवशी ओळखलं. म्हटलं, काकू कधीतरी आपणहून विचारतील. म्हणून तर तो चिठ्ठीचा विषय काढला." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता मालकांनी नियमावलीवर सही केली. अक्षर आवडलं त्यांना. फ्रेम करून लावताहेत."

यांनी खिशातून चिठ्ठी काढली होती. ती चार घड्या करून परत ठेवली.

त्यानंतरही वॉचमन फाटक उघडेना. नावापुढे खूण नाही, कलम तीन. मॅनेजरने वहीत खाली नवीन ओळ घातली, "कॉटेज नाही, दोन माणसं", आणि खूण करायला पेन माझ्या हातात दिलं.

ता. २५, सोमवार.

हे एकटेच चिठ्ठी घेऊन रिसॉर्टच्या फाटकाशी जाऊन आले. वॉचमनने आदराने बसवलं, पाणी दिलं आणि फ्रेमपाशी नेऊन कलम चार वाचून दाखवलं. तो तरी काय करणार.

घरी येऊन चप्पल काढताना म्हणाले, "अक्षर खरंच सुंदर आहे गं."

ता. ३०, शनिवार.

गुडघा: एकही पायरी नाही, कठडा धरूनसुद्धा.

कपडे भिजवायच्या टपात कोमट पाणी घालून देते. हे एकेक पाय सोडून बसतात आणि चालल्यासारखं करतात. पाणी लवकर निवतं. ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्याची बारा. मी कॅलेंडरवर लिहिली, यांनी चष्मा पुसला.

आज चिठ्ठीवाल्यांना एक तास द्यावा म्हणून विनंती लिहिली. दोन पानं, खोडाखोड नाही, सही माझ्या नावाने, पत्ता घरचा. सूचनांच्या वहीत लावून घ्या म्हणून वॉचमनकडे दिली. त्याने आत जाऊन फ्रेम पाहिली, बाहेर आला आणि कागद माझ्या हातात ठेवला. सूचना फक्त पाहुण्यांनी कराव्यात, कलम सात.

मी विसरलेच होते कलम सात. यांना मात्र पाठ होतं.