टेपचं दुसरं टोक

डेट्रॉइट,
बुधवार

प्रिय ल्यूशस,

प्रिय लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलंय, उगाच हुरळून जाऊ नकोस. एकोणपन्नास वर्षांत मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. चर्चच्या दारात समोरासमोर आलो की तू हॅट काढायचास, मी ‘कसा आहेस’ म्हणायचे, आणि उत्तर न ऐकताच दोघं दोन दिशांना. तेवढं पुरत होतं मला. पण या शनिवारी तू आपल्या हॅवर्ली स्ट्रीटवर येणार, नवा सूट घालून माझ्या आईच्या ब्यूटी पार्लरच्या भिंतीवरचा पडदा ओढणार, आणि शहरातली मोठी मोठी माणसं तुझ्यासाठी टाळ्या वाजवणार. त्याआधी चार गोष्टी तुझ्या कानावर घालणं मला भाग आहे.

तू बऱ्याच वर्षांत इकडे फिरकला नाहीस, तेव्हा आधी गल्लीची हालहवाल सांगते. पूर्वी जिथे घर सोडून घर जळलेलं होतं आणि छातीएवढं गवत माजलं होतं, तिथे आता कुत्र्यांना कोट घालून फिरवतात. कोपऱ्यावरच्या मासळीच्या दुकानात कॉफी मिळते, आणि ती देणारा पोरगा मला विचारतो, आजी, तुम्ही या भागात नवीन का. मी म्हटलं, हो रे बाळा, पंच्याहत्तरच वर्षं झालीत, अजून रुळतेय. आपली ती चार इमारतींची रांग तेवढी उरली आणि तिच्यात आता आपल्या काळ्या लोकांच्या इतिहासाचं केंद्र होतंय. केझाया नावाची मुलगी ते सांभाळते. तिशीची आहे, आपल्यातलीच, बाहेरगावाहून आलेली, गुणी आणि कामाला वाघ. पण तिला इथलं काही ठाऊक नाही, आणि तिला जे कळलं ते तू सांगितलंस.

मार्चमध्ये ती माझ्याकडे भिंतीवरचा मजकूर घेऊन आली. मोठी मोठी अक्षरं. ‘ल्यूशस टॉलिव्हर यांनी पालिकेच्या नोकरीत असताना स्वतःची नोकरी पणाला लावून ही रांग पाडण्यापासून वाचवली.’ खाली बारीक अक्षरात, तळमजल्यावर पूर्वी केशभूषेचं एक दुकान होतं. एक दुकान! माझ्या आईचं नाव आर्झेला प्रुइट. ती तीस वर्षं त्या दुकानात उभी होती, आणि भिंतीवर तिच्या वाट्याला ‘एक’ आलं. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. केझायाला वाटलं माझे डोळे भरून आले. तिने पाणी आणून दिलं.

वाचवली म्हणे. ल्यूशस, तुला सांगताना जरा तरी लाज वाटली का रे? ती रांग कोणी वाचवली नाही. पाडायचं यंत्र आमच्या शेजारच्या घरापाशी येऊन बिघडलं, मग बर्फ पडला, मग निवडणूक झाली, आणि पाडायच्या इमारतींची यादी कुठल्या कपाटात गेली ती गेली. आईला बाहेर काढून दारंखिडक्यांवर फळ्या ठोकल्या आणि सगळे विसरून गेले. नळ गंजले, पण बेसिनं जागच्या जागी राहिली. जिच्यासाठी ती होती तीच तेवढी नव्हती.

त्या दुकानात शनिवारी काय असायचं ते तुला आठवत असेल, तू बाहेरच्या पायरीवर बसून माझी वाट बघायचास ना. शेगडीवर लोखंडी कंगवे तापलेले, केसांना लावायच्या तेलाचा वास, सहा जणी रांगेत आणि चारजणी नुसत्याच गप्पांना. दुसऱ्यांच्या घरी फरशा पुसून आलेल्या बायका त्या खुर्चीत बसल्या की राण्या व्हायच्या. मिस आर्झेलाच्या दुकानात कोणाला नावाने हाक मारायची सोय नव्हती, सगळ्यांना मिसेस. आई म्हणायची, आठवडाभर यांना कोणी ‘अगं ए’ म्हणतं, इथे नाही म्हणायचं. तुझ्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला तुझे केसही तिनेच कापले होते. इमारत तपासणाऱ्यांमध्ये आपल्या वस्तीतला पहिला माणूस तू. बातमी आली तेव्हा आईने दुकान बंद करून सगळ्या गल्लीला केक वाटला. पोरगा आपला आहे, आता आपल्या घरांना कोणी हात लावणार नाही, असं ती येईल त्याला सांगत होती.

आणि मग तो रविवार. चर्चहून आपण सगळे दुकानावरच्या आमच्या घरी जेवायला आलो. आपलं लग्न जूनमध्ये ठरलं होतं. आईने कोलार्डच्या पानांची भाजी केली होती, तू दोनदा मागून घेतलीस. पार्लरच्या मागच्या भिंतीतून पावसात पाणी झिरपतं हे मी तुला आधीच बोलून बसले होते, माझंच लाडाचं बोलणं. हात धुऊन तू खिशातून टेप काढलीस. म्हणालास, भिंत मी दुरुस्त करून देतो, लग्नातला माझा आहेर समजा. आई इतकी खूश झाली की तिने तुझ्या कपाळाचा मुका घेतला. आणि मला म्हणालास, “ऑर्डी, हे टोक धर जरा घट्ट.”

मी धरलं. घट्ट धरलं. खांद्यापासून जमिनीपर्यंत, कोपऱ्यापासून दारापर्यंत, तू सांगशील तिथे वाकले. तू आकडे वहीत लिहीत होतास आणि मी तुझ्या मानेकडे बघत मनातल्या मनात पडद्यांचे रंग ठरवत होते. इतकी मूर्ख मुलगी त्या दिवशी साऱ्या डेट्रॉइटमध्ये दुसरी नसेल.

त्यानंतरचे चार रविवारही तू आमच्याकडे जेवलास. भिंतीचं काम कधी धरणार, असं आईने विचारलं की म्हणायचास, सामान येतंय. पाचव्या आठवड्यातल्या गुरुवारी आम्ही दोघी गाण्याच्या सरावाहून परत आलो तर पार्लरच्या दारावर पिवळा कागद. राहण्यास अयोग्य, मागील भिंत धोकादायक, आणि खाली सगळी मापं. मापं वाचताच मला ती ओळखू आली, माझ्याच हातातून गेली होती ती. त्याखाली तुझी सही, तुझा तो वळणदार टी. हरकत घ्यायला तीस दिवस. पण कागदावरची तारीख चार आठवडे मागची होती, त्याच पहिल्या रविवारनंतरच्या गुरुवारची. म्हणजे आमच्या हातात उरले दोन दिवस, आणि त्यातला दुसरा शनिवार. शनिवारी ऑफिस बंद असतं हे आम्हाला शुक्रवारी खिडकीवरच्या बाईने सांगितलं. तिने इंजिनिअरचा दाखला मागितला. तुझी खुर्ची रिकामी होती. पाच वाजता तिने खिडकी खाली ओढली.

चार आठवडे तो कागद तुझ्या कोटाच्या खिशात होता, ल्यूशस. तो खिशात ठेवून तू आमच्या टेबलावर बसलास, देवाचे आभार मानलेस आणि भाजी दोनदा घेतलीस. तू दुष्ट नव्हतास, भित्रा होतास. दुष्ट असतास तर मी तुला कधीच विसरले असते.

आईने माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरात चार बायकांचे केस करत कसाबसा दुसरा हिवाळा काढला आणि गेली. तिच्या अंत्यविधीला तू दुसऱ्या रांगेत बसून पुठ्ठ्याच्या पंख्याने वारा घेत होतास. आपल्याकडे त्या दिवशी वाटायची पुस्तिका मीच लिहिली होती, आईचा फोटो, जन्म अलाबामात, देवाघरी बोलावणं कधी आलं ते. पिवळ्या कागदाची एक ओळ मी त्यात घातली होती. पाद्रीबाबांनी ती काढायला लावली. म्हणाले, बाळ, देवाच्या घरात नको. मी तोंडात मिठाची गुळणी धरली. आणि तो मजकूर लोकांना इतका आवडला की तेव्हापासून चर्चमधल्या प्रत्येकाचा मीच लिहीत आले. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याला मी ‘आनंदी स्वभावाचे’ लिहिलंय. पुस्तिकेत छापलं तेच राहतं आणि उरलेलं मातीत जातं, हे मी त्या धंद्यात शिकले. एकेक प्रत जपून ठेवली. हॅटच्या सतरा खोक्यांत आहेत त्या. घरं गेली, शाळा गेली, कागदपत्रं गेली, पण हॅवर्ली स्ट्रीटवर कोण जन्मलं आणि कोण मेलं ते सगळं माझ्या पलंगाखाली आहे.

म्हणून केझाया माझ्याकडे आली होती. खोक्यांशिवाय तिच्या केंद्रात दाखवायला काही नव्हतं. मी म्हटलं, घेऊन जा, पण एक अट. पार्लरच्या भिंतीवर पडद्याआड काय लावायचं ते मी ठरवणार, आणि पडदा ओढायचा तो ल्यूशस टॉलिव्हरनेच. तिला वाटलं, जुनं प्रेम आहे. लाजली बिचारी. मग मी आईचं बायबल उघडून त्यात घडी घालून जपलेला कागद तिला दाखवला. तिने तो दोनदा वाचला. नंतर म्हणाली, “मिस ऑर्डेलिया, याला चौकट चांगली करावी लागेल.”

तुझ्या बाजूने मी विचार केला नाही असं समजू नकोस. वेळ भरपूर मिळाला. त्या महिन्यात तुझ्या वरच्यांना पाडायला आपल्या गल्लीतल्या सहा इमारती हव्या होत्या, तुला पाचच सापडल्या, आणि सहावी एक तर आमची नाही तर तुझ्या आईची. हे मला तुझ्या आईनेच सांगितलं, ती आजारी असताना, माझा हात धरून रडत. तिच्या घराची भिंत आमच्यापेक्षा वाईट होती, हेही तिनेच सांगितलं. स्वतःच्या आईला कोण रस्त्यावर काढेल? मीही काढली नसती. पण तुझ्या जागी मी दारात येऊन तोंडावर सांगितलं असतं, की ऑर्डी, मला हे करावं लागतंय, पळ, वकील गाठ, तीस दिवस आहेत. तीस दिवसांत आईने सगळं चर्च त्या ऑफिसच्या पायऱ्यांवर आणून बसवलं असतं. तेवढंच हवं होतं. आणि तुझी आई गेल्यावर तू तिचं तेच घर विकलंस. तिथे आता गाड्या उभ्या करतात.

माझं म्हणशील तर माझं काही अडलं नाही. एझेलशी लग्न केलं, बसगाड्या दुरुस्त करायचा. शब्दाचा पक्का होता, भिंत दुरुस्त करतो म्हणाला की त्याच दिवशी गिलावा कालवायचा. तो जाऊन सहा वर्षं झाली. पण कागदावरची मापं त्या रविवारच्या टेपचीच होती, हे मी त्यालाही कधी सांगितलं नाही. आईला तर नाहीच. तिला शेवटपर्यंत वाटत होतं की मापं ऑफिसातल्या दुसऱ्या कोणीतरी घेतली, ल्यूशसला नुसती सही करायला लावली. तुझ्यासाठी प्रार्थना करायची ती. मी शेजारी गुडघे टेकून ऐकायचे.

तर आता सांगते, शनिवारी दोरी ओढलीस की काय दिसेल. मधोमध तो पिवळा कागद, दोन्ही तारखांसकट, एक छापलेली आणि एक मी त्या गुरुवारी पेन्सिलने लिहून ठेवलेली. खाली मजकूर माझा. ‘हे मिसेस आर्झेला प्रुइट यांचं पार्लर. त्या इथे तीस वर्षं उभ्या होत्या. हा कागद ल्यूशस टॉलिव्हर यांनी चार आठवडे खिशात ठेवून मग लावला. मापं घेताना टेपचं दुसरं टोक त्यांच्या मुलीने, ऑर्डेलियाने धरलं होतं.’ हो, मीही आहे त्यात. तुला एकट्याला भिंतीवर चढवून मी खाली राहिले असते तर ती तुझीच रीत झाली असती. त्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसेन, आईची जांभळी हॅट घालून, आणि टाळ्या थांबल्यावर लोक आपल्या दोघांकडे बघतील.

हे पत्र तुला टपालपेटीत नाही, दारावर सापडलं असेल. गुरुवारी सकाळी केझायाला सांगून मी ते मुद्दाम चिकटपट्टीने लावायला लावलंय, तुझ्या शेजाऱ्यांनाही दिसेल असं. कशासाठी लिहिलं म्हणशील, तर एवढ्याचसाठी. आम्हाला कोणी दारात येऊन सांगितलं नव्हतं, तुला मी सांगतेय, आणि जेवढे दिवस आईला मिळाले तेवढेच तुला देतेय, एक कमी नाही की एक जास्त नाही. काही हरकत असेल तर मी शुक्रवारी दिवसभर पार्लरमध्ये खुर्च्या मांडत असेन. येऊन सांग. पाच वाजेपर्यंत ऐकून घेईन. शनिवारी ऑफिस बंद असतं.

एके काळची तुझीच,
ऑर्डेलिया